दाखल्यासाठी थांबू नका, उद्याचा तास बदला

नाशिककरांनो, ज्यांची मुलं शाळेत आहेत त्या पालकांनो आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांनो,

शाळा सुरू झाल्या आहेत. पुस्तकं वाटून झाली, वह्यांना कव्हरं चढली, पहिली घटक चाचणी तोंडावर आली. याच दिवसांत प्रत्येक शाळेतली काही मुलं हळूहळू मागच्या बाकांकडे सरकतात. त्यांना कोणी ढकलत नाही. फळ्यावरचं उतरवून होण्याआधी फळा पुसला जातो, वाचायला उभं राहिलं की वर्ग हसतो, सतराच्या पाढ्यात अडकलं की 'बस खाली' ऐकू येतं. मग मूलच अशी जागा हेरतं, जिथे बाईंची नजर सहसा पोचत नाही. दिवाळीपर्यंत ती जागा त्याची कायमची होऊन जाते. म्हणून हे आत्ता सांगायचं आहे, सहामाहीचे पेपर तपासून झाल्यावर नाही.

विशेष शिक्षिका म्हणून नाशिक शहरात आणि जिल्ह्यातल्या शाळांत फिरताना मला एकच कोंडी पुन्हा पुन्हा दिसते. शाळा म्हणते, "आधी सिव्हिल हॉस्पिटलचा दिव्यांगत्वाचा दाखला आणा, मग बघू." घरचे म्हणतात, "मोठा झाला की येईल सगळं, याचे बाबाही लहानपणी असेच होते." या दोन वाक्यांच्या मध्ये मुलाची पहिली, दुसरी, तिसरी निघून जाते. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की दाखला जरूर काढा, पण त्यासाठी शिकवणं अडवून ठेवू नका. मुलाला अडचण आहे हे दिसलं, की दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी तास बदलायला हवा.

यात कोणी कोणावर उपकार करत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणं हे त्यातलंच एक. तिथे दाखल्याचा उल्लेखही नाही. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही आली. मुलाला प्रवेश नाकारू नका, इमारत आणि स्वच्छतागृह त्याला वापरता येईल असं ठेवा, त्याला लागतील त्या सोयी द्या, अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल करा, असं तो कायदा सांगतो. आणि एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. अध्ययन अक्षमतेचा दाखला साधारणपणे मुलाला आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलाकडे शाळा जो कागद मागते तो त्या वयात निघतच नाही, आणि वाचायला शिकण्याची वर्षं तर नेमकी हीच!

सिन्नरच्या बाजूच्या एका शाळेत चौथीतला मुलगा माझ्यासमोर बसला होता. वहीत 'घर'चं 'धर' झालेलं, 'भाजी'ची 'माजी', 'विद्यार्थी' खोडून खोडून कागद फाटलेला. खाली लाल शाईत शेरा होता, 'लक्ष नाही. अक्षर सुधार.' मी त्याच्या पुस्तकातला पाण्यावरचा धडा त्याला वाचून दाखवला आणि खालचे प्रश्न तोंडी विचारले. सगळी उत्तरं बरोबर आली. वर मी न विचारताच त्याने सांगितलं की चैतात विहीर तळाला जाते तेव्हा मोटर चालू ठेवली तर जळते, म्हणून आजोबा रात्री उठून बघून येतात. धडा त्याला कळला होता. धड्यापलीकडचंही कळत होतं. वर्गात मात्र त्याचं पाणी जोखलं जात होतं ते 'घ' आणि 'ध' मधल्या गाठीवर.

आपल्या लिपीत अशा जागा बऱ्याच आहेत. घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांच्यात अंतर एका गाठीचं किंवा रेषेचं. मात्रा वर, उकार खाली, वेलांटी ऱ्हस्व असेल तर अक्षराच्या आधी लिहायची पण उच्चारायची नंतर. जोडाक्षरं तर वेगळीच. बहुतेक मुलं हे सरावाने पार करतात. ज्याच्या मेंदूत अक्षर आणि आवाज यांची सांगड सहज बसत नाही, त्याला मात्र दहा वेळा लिहून काढायला लावलं तर तीच चूक दहा वेळा घोटली जाते. त्याला एका वेळी दोनच अक्षरं हवीत, रव्यात किंवा वाळूत बोटाने गिरवायला, तोंडाने मोठ्याने म्हणत. अक्षरं मोठी, ओळी सुट्या. आणि सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचायची सक्ती नको.

गणितातलं उदाहरण तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आपण 'तेवीस' म्हणतो तेव्हा तीन आधी येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. पुष्कळ मुलं ऐकून ३२ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन', 'सत्तर दोन' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जोडाक्षरं न येणाऱ्या आणि अंकांचा क्रम उलटा होणाऱ्या मुलाला ही पायरी लागते. जुने शब्द कोणी हिरावून घेतले नव्हते. पण आपण मोठ्यांनी मुलांच्या अडचणीकडे न बघता आपल्या सवयीची बाजू घेतली. घरात, शिकवणीत, वर्गात आजही कोणी मूल ३२ आणि २३ मध्ये गोंधळत असेल, तर त्याला 'वीस तीन' म्हणू द्या. दशकाच्या काड्यांचे गठ्ठे हातात द्या. 'तेवीस' त्याला पुढे येईल.

इथे पालकांना सावध करायलाच हवं. शहरात सध्या मुलाचा 'शिकण्याचा प्रकार' सांगणाऱ्या चाचण्यांची दुकानं उघडली आहेत. तुमचं मूल बघून शिकणारं, तुमचं ऐकून शिकणारं, तुमचं हाताने करून शिकणारं, असे शिक्के मारून देतात. काही ठिकाणी तर बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगतात. ठशांवरून मेंदू ओळखण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, त्यावर एक रुपयाही घालवू नका. आणि शिकण्याच्या प्रकारांचं म्हणाल तर २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं. मुलाच्या प्रकाराशी जुळवून शिकवल्याने ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, हे खरंच. पण 'हा ऐकून शिकणारा' असं म्हणून त्याच्यापुढून चित्र काढून घेतलं तर त्याचं नुकसानच होतं. गरज आहे ती तोच धडा सगळ्यांपुढे दोन-तीन वाटांनी ठेवण्याची. त्यातून जे ज्याला लागेल ते तो उचलतो. आणि ज्याला खरोखर दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा अक्षर लागत नाही, त्याच्यासाठी नेमकी वेगळी सोय करण्याची.

पन्नास मुलांच्या वर्गात हे कसं जमायचं, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब. हे सगळं मी जवळून पाहते आणि त्याबद्दल शिक्षकांच्या बाजूने भांडतेही. तरी एक तास सांगते, जो मी अशाच मोठ्या वर्गात होताना पाहिला. चौथीचा वर्ग, अपूर्णांक. बाईंनी फळ्यावर १/४ लिहिण्याआधी प्रत्येकाला जुन्या वर्तमानपत्राचा एकेक चौकोन दिला. वाटायचं काम दिलं ते जागेवर क्षणभरही न बसणाऱ्या मुलाला. घडी घाला, अर्धा. पुन्हा घडी, पाव. उघडा आणि मोजा. वर्गात एका मुलीला फार कमी दिसत होतं. तिने घडीच्या रेषेवरून बोट फिरवून चारही भाग मोजले. मग बाईंनी विचारलं, दुकानात पावशेर तेल, पाव किलो साखर कोण आणतं? निम्मे हात वर. मग तीन पाव म्हणजे पाऊण, पाच पाव म्हणजे सव्वा, आणि शेवटी फळ्यावर आकडे. उत्तर द्यायला तीन मार्ग ठेवले होते. वहीत लिहा, उभं राहून सांगा, नाहीतर कागद रंगवून दाखवा. शिकायचं सगळ्यांनी तेच, पाव म्हणजे चारातला एक. घड्या घालण्यात गेलेली मिनिटं पुढच्या दोन दिवसांत वसूल झाली, कारण पुन्हा शिकवावं लागलं नाही.

बाकीच्या गोष्टी तर याहून सोप्या आहेत. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ज्याला कमी ऐकू येतं तो तुमच्या ओठांकडे बघत असतो. एका वेळी एकच सूचना द्या. स्वमग्न मुलासाठी दिवसाचा क्रम सकाळीच फळ्याच्या कोपऱ्यात चित्रांनी मांडा, आणि तो बदलणार असेल तर त्याला आधी सांगा. वाहणारा कान, जवळ धरलेलं पुस्तक, फळ्याकडे बघताना बारीक होणारे डोळे नोंदवून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी नावांची यादी तयार असली तर चष्मा किंवा कानाचे उपचार महिन्याभरात सुरू होऊ शकतात. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे मोबाइल ॲप २०२२ पासून उपलब्ध आहे, मुलाच्या अडचणीची प्राथमिक चाळणी त्यावर शिक्षकाला करता येते. ती चाळणी म्हणजे निदान नव्हे. तिच्या जोरावर मुलाला कोणतंही नाव चिकटवू नका.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या शाळांबद्दल वेगळं बोलायला हवं. तिथलं मूल अनेकदा घरी कोकणा, वारली अशी बोली बोलतं आणि पहिलीत येताच पुस्तकी मराठीत गप्प होतं. ते गप्प आहे म्हणून मंद ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि खरोखर ऐकू न येणारं मूल 'भाषेमुळे बोलत नसेल' म्हणून सुटून जाणं हा दुसरा. दोन्ही मी पाहिले आहेत. पहिले काही महिने त्याच्या बोलीत गोष्टी ऐकू द्या, वर्गातल्या मोठ्या मुलांना दुभाषी करा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत यायला जमत नाही म्हणून शाळाच कुरणात नेली. सुरगाण्याहून कोसबाड फार लांब नाही. आपल्याच सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर झालेलं हे काम आपल्या शिक्षक प्रशिक्षणात परीक्षेचा प्रश्न होऊन का उरावं?

आणि नाशिक तर या कामात कधी मागे नव्हतं. स्वतः शिक्षिका असलेल्या रजनीताई लिमये यांनी आपल्या मुलाच्या गरजेतून वाट काढत १९७७ साली मोजक्या मुलांना घेऊन प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेव्हा बौद्धिक अक्षम मुलांना घरात दडवून ठेवण्याचाच रिवाज होता. कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे, अंधांसाठी 'नॅब'चं काम आहे. या संस्थांत जे कसब साठलं आहे ते चार भिंतींत राहू नये. नेहमीच्या शाळांनी या वर्षी आपला एक तरी शिक्षक एक तरी दिवस तिथे बसायला पाठवावा. तास कसा चालतो, वस्तू कशा हाताळायला देतात, मूल चिडलं की शिक्षक काय करतात, हे डोळ्यांनी बघून यावं. केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत जाऊन ऐकलेल्या भाषणापेक्षा हा एक दिवस जास्त उपयोगी पडेल, असं मी अनुभवाने म्हणते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. सेवेतल्या शिक्षकांसाठी समावेशक अध्यापनाचा एक छोटा, मराठीतला, वर्गात वापरता येईल असा पाठ्यक्रम त्यांनी तातडीने हाती घ्यावा, ही त्यांना जाहीर विनंती.

शासनाकडेही मागणी आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं आहे. प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, उच्च प्राथमिक आणि माध्यमिकला पंधरांमागे एक. २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना अशी पदं मंजूर करून भरायला सांगितलं. आमच्यासारखे फिरते शिक्षक एका शाळेत जातात आणि पुन्हा फेरी येईपर्यंत मूल शिकलेलं विसरून गेलेलं असतं. आमदार, जिल्हा परिषद आणि महापालिका यांना पालकांनी हा प्रश्न लेखी विचारावा की आपल्या तालुक्यात, आपल्या प्रभागात ही पदं किती आणि भरलेली किती. सिंहस्थासाठी शहराचे रस्ते, घाट, पूल नवे होत आहेत. त्याच काळात शाळांच्या पायऱ्यांशेजारी उतरणी आणि चाकाची खुर्ची आत जाईल अशी स्वच्छतागृहंही व्हावीत, हा आग्रह धरण्यात काहीच वावगं नाही.

गावातल्या पालकांच्या हातात एक हत्यार आधीच आहे, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तिच्या पुढच्याच बैठकीत एकच विषय घ्या. आपल्या शाळेत कोणती मुलं अडखळतात आणि त्यांच्यासाठी या महिन्यात काय बदललं? मुलांची नावं चारचौघांत चघळायची नाहीत. ती वर्गशिक्षक आणि त्या मुलाचे पालक यांच्यातच राहू द्या. बाकीच्यांनी बदलाचा हिशेब मागावा. आणि मुलाला मारणं, घालून पाडून बोलणं, वर्गाबाहेर उभं करणं चालू असेल तर तेही तिथेच थांबवा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने त्याला बंदी घातली आहे.

आता दाखल्याविषयी. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणी होते. कोणत्या अडचणीची तपासणी कुठे आणि कोणत्या वारी, हे शाळेने एका फोनवर आधी विचारून पालकांना सांगावं. सुरगाण्याहून किंवा नांदगावहून येणाऱ्या मजूर आईचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, आणि 'आज डॉक्टर नाहीत' ऐकून ती परतली की पुन्हा येत नाही. दहावी-बारावीच्या मुलांसाठी तर एकेक आठवडा मोलाचा आहे. वाढीव वेळ तासाला वीस मिनिटं, लेखनिक, भाषेच्या किंवा गणिताच्या विषयात सवलत, हे सगळं मिळू शकतं. पण प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे कागदपत्रांसह जावा लागतो. फेब्रुवारीत धावपळ करून काही हाती लागत नाही. आठ वर्षांपुढच्या ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याची तपासणी या सहामाहीतच होऊ द्या, आणि शाळेच्या परीक्षांतही त्याला तोच वेळ आणि तीच मदत द्या, म्हणजे बोर्डाच्या दिवशी लेखनिकाला उत्तर सांगण्याची त्याला सवय असेल. स्वतःच्या मनातलं वाक्य दुसऱ्याच्या हातून उतरवून घेणं सोपं नसतं, ते शिकावं लागतं.

लेखनिकांचीच टंचाई सगळ्यात जास्त जाणवते, म्हणून शेवटची विनंती नववीतल्या मुलांच्या पालकांना. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणजे दहावीच्या पेपरला बहुधा तुमचाच मुलगा किंवा मुलगी. दरवर्षी मुलं तयार असतात आणि घरून नकार येतो. आमची वार्षिक परीक्षा जवळ आहे, याचा अभ्यास बुडेल, दुसऱ्यासाठी कशाला तीन तास बसायचं. त्या तीन तासांत तुमच्या मुलाचा अभ्यास बुडत नाही, पुढच्या वर्षी आपल्याला कसा पेपर द्यायचा आहे, हे त्याला वर्षभर आधी बघायला मिळतं. समोरच्या मुलाला मात्र त्याच्यावाचून कोरा पेपर देऊन उठावं लागतं. नववीच्या पहिल्याच पालकसभेत मुख्याध्यापकांनी हा विषय आपणहून काढावा, जी मुलं होकार देतील त्यांची नावं दसऱ्याच्या आत लिहून ठेवावीत आणि सहामाही परीक्षेत दोघांना एकदा एकत्र बसवून बघावं.